जुने डच नकाशे जमवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अ‍ॅमस्टरडॅमजवळ राहतो, नोकरी आयटीत, आणि गेली काही वर्षं जुने नकाशे जमवायचं खूळ आहे. घरी कोणी आलं की भिंतीकडे बघून तेच तेच प्रश्न येतात, पुण्याहून फोनवर पण तेच, म्हणून एकदाचे लिहून काढलेत. मी एक्स्पर्ट नाही, पैसे घालवून शिकलेला माणूस आहे एवढंच.

डच नकाशेच का? इंग्रज, फ्रेंच, पोर्तुगीज पण होते की.

होते, पण साधारण १५७० ते १६७० ही शंभर वर्षं नकाशांच्या धंद्यात डच लोकांच्या जवळपास कोणी नव्हतं. पोर्तुगीजांकडे माहिती होती पण ती ते दाबून ठेवायचे, डच लोकांनी नकाशा हा बाजारात विकायचा माल केला, म्हणजे खलाशालाही हवा, व्यापाऱ्यालाही हवा आणि ज्याला कुठेच जायचं नाही त्यालाही दिवाणखान्यात लावायला हवा. डच चित्रकार व्हर्मीरच्या चित्रांत बघा, मागच्या भिंतीवर नकाशा असतो, आणि तो मनचा नाही, ओळखता येतो. हसणाऱ्या मुलीसमोर एक अधिकारी बसलाय त्या चित्रात मागे आहे तो हॉलंडचा नकाशा ब्लाऊंनी, म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमच्या एका नकाशेवाल्या घराण्यानं, छापलेला.

पण पहिला अ‍ॅटलस काढणारा ऑर्टेलियस तर अँटवर्पचा, ते बेल्जियममध्ये आहे ना?

आत्ता आहे. तेव्हा सगळा मिळून स्पेनच्या राजाचा मुलूख होता. अब्राहम ऑर्टेलियसनं २० मे १५७० ला अँटवर्पमध्ये पहिला खरा अ‍ॅटलस काढला, एकाच आकाराचे ५३ नकाशे आणि पाठीमागे मजकूर, आणि दुसऱ्यांच्या नकाशांवरून घेतलं तर त्यांची नावं यादी करून छापली, जे आजही लोक करत नाहीत. मग १५८५ ला स्पॅनिश फौजेनं अँटवर्प घेतलं आणि प्रोटेस्टंट व्यापारी, छापणारे, कोरणारे सगळे उत्तरेला पळाले. अ‍ॅमस्टरडॅमचा नकाशाधंदा मुळात या निर्वासितांच्या जिवावर उभा आहे.

'अ‍ॅटलस' हे नाव मात्र ऑर्टेलियसचं नाही, ते त्याच्या नकाशाकार मित्राचं, मर्केटरचं. आणि तो अ‍ॅटलस म्हणजे ग्रीक कथेतला पाठीवर ओझं घेतलेला राक्षस नाही, मर्केटरच्या डोक्यात होता तो मॉरेटानियाचा एक विद्वान राजा. मर्केटर १५९४ ला गेला, अ‍ॅटलस त्याच्या मुलानं, रूमोल्डनं, १५९५ ला बाहेर काढला.

या नकाशेवाल्यांची नावं म्हणायची कशी?

J या अक्षराचा उच्चार य. म्हणून यान्सोनियस, योडोकस. ब्लाऊ म्हणा. फिस्सर, दे वित, फान क्यूलेन. चुकलात तरी डच माणूस हसून घेतो आणि मग इंग्लिशमध्ये बोलायला लागतो.

एकाच नकाशावर दोन-तीन नावं असतात, मग तो नक्की कोणाचा म्हणायचा?

हा प्रश्न खरा. याचं उत्तर कळलं की निम्मा छंद कळला असं मी म्हणेन. नकाशा आपण कागदाचा म्हणून विकत घेतो पण त्या लोकांच्या लेखी खरी इस्टेट होती तांब्याची प्लेट. एक प्लेट कोरायला पैसा आणि वेळ जायचा, पण मग ती दोन-तीन हजार प्रती सहज द्यायची, झिजली की परत खोलगट करून घ्यायची, आणि मालक मेला की ती वाटणीत जायची, जावयाला जायची, लिलावात जायची. नवा मालक काय करायचा तर जुन्याचं नाव घासून काढायचा आणि तिथे स्वतःचं कोरायचा, बाकी नकाशा तसाच. त्यामुळे नाव बघून नकाशाचं वय ठरवलं तर फसाल, आधी घराण्याची सोयरीक माहिती पाहिजे. आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात सात-बारा आणि फेरफार बघतात ना, अगदी तसंच.

होंडिअसचं घर घ्या. योडोकस होंडिअस, मूळ नाव योस दे होंट, म्हणजे चक्क कुत्रा, त्याच्या अ‍ॅमस्टरडॅममधल्या कालफरस्ट्रात या रस्त्यावरच्या दुकानाच्या पाटीवर पण 'जागरूक कुत्रा'च होता. लंडनला पळून गेला, तिथून अ‍ॅमस्टरडॅमला आला, आणि १६०४ मध्ये त्यानं मर्केटरच्या वारसांकडून सगळ्या प्लेटा उचलल्या. १६०६ मध्ये तीसेक नवे नकाशे घालून मर्केटरच्या नावानंच अ‍ॅटलस काढला, कारण मेलेल्या मर्केटरचं नाव जिवंत होंडिअसपेक्षा जास्त चालायचं. बायको कोलेट फान देन कीरे, तिचा भाऊ पीटर हा स्वतः उत्तम कोरणारा. अ‍ॅटलसचा लॅटिन मजकूर लिहिला पेट्रुस मोंटानुसनं, तो होंडिअसच्या बहिणीचा नवरा. म्हणजे नकाशा कोरणार मेव्हणा, मजकूर लिहिणार बहिणीचा नवरा, दुकान सांभाळणार बायको. १६१२ ला होंडिअस वारला आणि त्याच वर्षी त्याची मुलगी एलिझाबेथ हिचं लग्न यान यान्सोनियसशी झालं, तो आर्नहेमच्या पुस्तकविक्याचा मुलगा. तर जावई आला घरात.

दोन मुलगे होते, धाकटा योडोकस आणि हेन्रिकस. दोघांचं पटलं नाही, वेगळे झाले, आणि हेन्रिकस भावाला सोडून बहिणीच्या नवऱ्याबरोबर गेला. मग १६२९ मध्ये धाकटा योडोकस अचानक गेला, आणि त्यानं स्वतःच्या वेगळ्या अ‍ॅटलससाठी करून ठेवलेल्या प्लेटांपैकी चाळीसएक प्लेटा कोणी उचलल्या? विलेम ब्लाऊनं. भावानं नाही, मेहुण्यानं नाही, थेट स्पर्धकानं.

एक उदाहरण बघण्यासारखं आहे, व्हर्जिनियाचा नकाशा. कॅप्टन जॉन स्मिथच्या नकाशावरून धाकट्या होंडिअसनं १६१८ मध्ये कोरला, १६२९ नंतर त्याच प्लेटवर ब्लाऊचं नाव आलं. आणि हेन्रिकस आणि यान्सोनियस यांना तोच नकाशा परत नव्यानं कोरून घ्यावा लागला, म्हणजे स्वतःच्या भावाच्या नकाशाची नक्कल! दोन्ही शेजारी ठेवले तर जुळे वाटतात.

ब्लाऊ आणि यान्सोनियस यांचं एवढं काय वाकडं होतं?

दुकानं एकमेकांच्या शेजारी, पाण्याकाठी, जिथे आता डामराक आहे. आणि नाव एकच! ब्लाऊचं मूळ नाव विलेम यान्सझोन, म्हणजे यानचा मुलगा, तो सही करायचा गुइलिएल्मुस यान्सोनियस. शेजारी आला योहानेस यान्सोनियस. गिऱ्हाईक गोंधळणार नाही तर काय. शेवटी १६२१ च्या सुमाराला विलेमनं आजोबांचं टोपणनाव घेतलं, ब्लाऊ, म्हणजे निळा. म्हणून १६१५ चा एखादा नकाशा 'यान्सोनियस' नावाचा दिसला तर तो शेजाऱ्याचा समजू नका, बऱ्याचदा तो ब्लाऊचा असतो.

विलेम साधा दुकानदार नव्हता, १५९५-९६ ला ट्युको ब्राहेकडे ह्वेन बेटावर खगोलशास्त्र शिकून आला होता, आधी पृथ्वीगोल आणि उपकरणंच करायचा. त्या चाळीस प्लेटा हातात आल्यावर त्यानं १६३० मध्ये साठ नकाशांची पुरवणी बाजारात आणली. पलीकडे हेन्रिकस आणि यान्सोनियसची झोप उडाली, त्याच वर्षी त्यांनी दोन कोरणाऱ्यांशी करार केला की दीड वर्षात ३६ नकाशे पाहिजेत आणि ते बरेचसे ब्लाऊकडचेच उतरवायचे. तिथून पुढे तीस वर्षं हे एक खंड काढतात की ते एक खंड काढतात. विलेम १६३८ ला गेला, मुलगा योआननं चालू ठेवलं, आणि १६६२ मध्ये ११ खंडांचा 'अ‍ॅटलस माइऑर' आला, जवळजवळ ६०० नकाशे. किंमत बिनरंगाचा ३५० गिल्डर (जुनं डच चलन), रंगवलेला ४५०. म्हणजे एखाद्या कारागिराची वर्षाची कमाई आणि वर थोडं. त्या शतकात विकत मिळणारं हे सगळ्यात महाग पुस्तक होतं.

माझं मत विचाराल तर चुरशीचा फायदा सगळ्यात जास्त आपल्याला झाला, कारण यान्सोनियसचे नकाशे ब्लाऊच्या तोडीचे असून ब्लाऊपेक्षा स्वस्त मिळतात, फक्त नावामुळे.

ब्लाऊ मग बंद कसे पडले?

आग. २३ फेब्रुवारी १६७२ च्या रात्री ख्राव्हनस्ट्रातवरचा छापखाना जळला, कागद, छापलेली पुस्तकं, बऱ्याच प्लेटा गेल्या. त्याच वर्षी फ्रेंचांनी हल्ला केला, योआनचं नगरपालिकेतलं पद पण गेलं, आणि १६७३ संपता संपता तो वारला. उरलेल्या प्लेटा लिलावात विखुरल्या.

बाकीची घराणी कोणती?

फिस्सर तीन पिढ्या, क्लास यान्स आणि मग निकोलास पहिला, दुसरा. फिस्सर म्हणजे मासे पकडणारा, दुकानाचं नाव पण तेच, आणि थोरला क्लास नकाशाच्या कोपऱ्यात कधी कधी एक छोटासा गळ टाकून बसलेला माणूस काढायचा, तीच त्याची सही. शोधायला मजा येते. दे वित एकटाच, पुढची पिढी नाही. फान क्यूलेन समुद्राचे चार्ट करायचे आणि ते दुकान १६७८-८० च्या सुमारापासून थेट १८८५ पर्यंत चाललं! फाल्क आणि स्खेंक हे मेहुणे-मेहुणे, यान्सोनियसच्या जुन्या प्लेटा १६९४ च्या लिलावात यांनी घेतल्या. कोव्हेन्स आणि मोर्टिए पण तसेच, कोव्हेन्सची बायको मोर्टिएची बहीण.

एक सापळा सांगून ठेवतो. हेन्रिक होंडिअस नावाचा दुसरा एक कोरणारा द हेगला होता, तो कुत्रेवाल्या घरातला नाही. विक्रेते सुद्धा गल्लत करतात.

सगळीकडे पुरुषांचीच नावं, बायका कुठे होत्या?

गल्ल्यावर! थोरला होंडिअस गेल्यावर कोलेटनं मुलांना घेऊन धंदा चालवला, ती नसती तर मर्केटरच्या प्लेटा तेव्हाच मोडीत गेल्या असत्या. दुसऱ्या निकोलास फिस्सरची विधवा एलिझाबेथ फेरसाइल हिनं १७०२ पासून १७२६ पर्यंत दुकान चालवलं, नकाशावर 'विधवा फिस्सर' अशा अर्थाची ओळ असते. फ्रेडरिक दे वित १७०६ ला गेला तेव्हा बायको मारियानं चार वर्षं ओढलं, कारण मुलाला रस नव्हता, तो सुक्या माशांचा व्यापारी होता आणि त्याचं बरं चाललं होतं. मालवणी माणसाला हे पटेल, नकाशे काय खायचेत. १७१० ला लिलाव झाला आणि प्लेटा मोर्टिएकडे गेल्या. मी मुद्दाम या विधवांच्या काळातल्या छपाया शोधतो, कोणी फार विचारत नाही त्यामुळे परवडतात.

खरा जुना आहे की नंतर छापलेला, कसं ओळखायचं?

माझा पहिला नकाशा खोटा निघाला हे आधी सांगतो. बाजारातल्या एका स्टॉलवर घेतला, कागद पिवळा, कडा कुरतडलेल्या, मी खूश. घरी येऊन भिंगाखाली धरला तर सगळीकडे बारीक ठिपके. ऑफसेट प्रिंट, चहाच्या पाण्यात बुडवलेली. तेव्हापासून दहा पट भिंग खिशात असतं.

तर भिंग लावा, ठिपके दिसले तर ठेवा खाली आणि चालू पडा. खऱ्या ताम्रछपाईत रेघ सलग असते, शाई कागदावर किंचित उठलेली असते, बोटाला जाणवते. मग प्लेटची खूण बघा, नकाशाच्या चौकटीबाहेर चारी बाजूंनी कागद दबलेला असतो कारण ओला कागद प्लेटवर ठेवून दाबायचे. मग कागद उजेडासमोर धरा, हातकागदात तारांच्या आडव्या-उभ्या रेघा दिसतात आणि कधी जलचिन्ह पण. सपाट, रेघा नसलेला कागद युरोपात १७५७ च्या आसपास आला, त्यामुळे १६३५ चा ब्लाऊ सपाट कागदावर असूच शकत नाही. मधे उभी घडी पाहिजे आणि घडीच्या मागे कागदाची पट्टी किंवा तिचा डाग, कारण अ‍ॅटलसमध्ये नकाशे त्या पट्टीवर शिवायचे.

आणि पाठ बघा, पाठ! निम्मी माहिती पाठीवर असते. अ‍ॅटलस लॅटिन, डच, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशा भाषांत निघायचे, पुढची प्लेट तीच पण मागचा मजकूर वेगळा, मांडणी आणि पानाचा नंबर वेगळा. त्यावरून हा कोणत्या आवृत्तीतला हे काढता येतं, त्यासाठी कूमान नावाच्या माणसानं डच अ‍ॅटलसांची जाडजूड सूची करून ठेवलीये, लायब्ररीत बसून जुळवायची. फ्रेम केलेला नकाशा विक्रेता उघडून दाखवत नसेल तर मी घेत नाही, कितीही गोड बोलू दे.

म्हणजे हे सगळे सुटे नकाशे अ‍ॅटलस फाडून काढलेत?

बहुतेक हो. काही तेव्हाही सुटे विकले जायचे, पण पाठीवर मजकूर असेल तर पुस्तकातलाच. शंभर वर्षांपूर्वी फाडलेलं आता चिकटवता येत नाही, पण आज कोणी पूर्ण अ‍ॅटलस मोडत असेल तर त्याच्याकडून घेऊ नये असं मला वाटतं.

रंग जुना असला तरच किंमत?

जुना रंग चांगला असेल तर हो. तेव्हा नकाशे काळे छापायचे आणि रंग हातानं भरायचे, त्यासाठी वेगळे रंगारी होते. जुना हिरवा तांब्याच्या गंजाचा असतो, तो काळानं तपकिरी पडतो आणि पाठीमागून कागदावर उमटतो, कधी कागद चिरतो पण. पाठ एकदम स्वच्छ आणि पुढे हिरवागार, तर रंग बहुधा नंतरचा. नंतरचा रंग म्हणजे फसवणूक नाही, फक्त तसं सांगून विकायला हवं. मला वैयक्तिक काळे-पांढरेच आवडतात, कोरणाऱ्याचा हात दिसतो.

आपल्याकडचा भाग असलेले कोणते मिळतील?

सगळ्यात जवळचं म्हणजे लिन्सखोटेन. हा डच पोरगा १५८३ ते १५८८ गोव्यात आर्चबिशपचा सेक्रेटरी म्हणून राहिला, पोर्तुगीजांची माहिती गोळा करून परत आला आणि १५९६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या कोर्नेलिस क्लासनं ते पुस्तक छापलं. त्यात गोवा शहराचा मोठा नकाशा आहे, बाजार, चर्च, मांडवी सगळं. पूर्ण प्रत विसरा, पण सुटी चित्रं अधूनमधून येतात.

ब्लाऊ आणि यान्सोनियसचे 'इंडिया ओरिएंटालिस' म्हणजे सिंधपासून पार मलाक्काच्या पलीकडपर्यंत. किनाऱ्यावर गोवा, चौल, दाभोळ शोधत बसायचं, नावं गच्च भरलेली, आणि आत घाटावर आलं की मोकळंच. समुद्रावरून आलेल्या माणसाला जेवढं दिसलं तेवढं.

मोगलांच्या राज्याचा वेगळा नकाशा आहे, तो इंग्लिश राजदूत टॉमस रो जहांगीरच्या दरबारातून परतल्यावर बॅफिन नावाच्या खलाशानं १६१९ ला लंडनला केलेल्या नकाशावरून उचललेला, आग्रा ते लाहोर रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं पण काढलीयेत. त्यात महाराजांचं राज्य शोधू नका, प्लेट १६३० च्या दशकातली आहे आणि १६६२ च्या अ‍ॅटलसमध्ये पण तीच परत वापरलीये. योआन ब्लाऊ स्वतः डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकृत नकाशाकार होता, पण कंपनीचे ताजे चार्ट हातानं काढलेले असायचे आणि ते बाहेर द्यायची बंदी. वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, पडकी भिंत अजून उभी आहे, तिथल्या माणसांना किनारा घरच्यासारखा माहिती होता, पण ते ज्ञान दुकानातल्या अ‍ॅटलसपर्यंत पोचलंच नाही.

चुकीचे नकाशे लोक का जमवतात?

कारण ते भारी असतात. कॅलिफोर्निया बेट, कोरिया बेट, ब्रह्मदेशाच्या वर नसलेलं चिआमाई सरोवर आणि त्यातून निघणाऱ्या चार नद्या. एकदा कोणीतरी कोरलं की पुढचे शंभर वर्षं बाकीचे उतरवत राहिले, व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डसारखं.

बजेट कमी आहे, सुरुवात कुठून करू?

जगाचे आणि अमेरिकेचे नकाशे सोडा, ते श्रीमंतांचे. जर्मनी-फ्रान्सच्या कुठल्यातरी जिल्ह्याचा यान्सोनियस घ्या, कोरीव काम तेच, कागद तोच, किंमत अगदीच कमी. किंवा छोट्या अ‍ॅटलसमधले घ्या, होंडिअसनं १६०७ मध्ये खिशाला परवडेल असा 'अ‍ॅटलस मिनॉर' काढला होता, वहीच्या पानाएवढे नकाशे, त्यात भारताचा पण आहे.

विकत न घेता नुसते बघायचे असतील तर?

अ‍ॅमस्टरडॅमला सागरी संग्रहालय बघा, आणि डाम चौकातला राजवाडा, तिथल्या मोठ्या दालनात संगमरवरी फरशीवर जगाचे गोलार्ध बसवलेत, ब्लाऊच्या नकाशावरून, त्यावरून चक्क चालता येतं. शुक्रवारी स्पाउ चौकात जुन्या पुस्तकांचा बाजार असतो आणि ऑगस्टच्या पहिल्या रविवारी डेव्हेंटरला मोठा. डेव्हेंटरला जाताना मर्यादित पैसे न्या, हे अनुभवाचे बोल.

भारतात घेऊन जायचा झाला तर?

बिल, फोटो आणि विक्रेत्याकडून वयाचं पत्र सोबत ठेवा. आणि नेण्याआधी नीट विचार करा, कारण शंभर वर्षांहून जुनी वस्तू भारतातून परत बाहेर काढताना १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येऊ शकतो. आत आणल्याचे कागद फेकले तर तुमचीच वस्तू तुमची हे सिद्ध करत बसाल.

भिंतीवर लावू का?

लावा, पण ऊन नको. लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही, फेव्हिकॉल तर नाहीच. आम्लरहित पुठ्ठा आणि यूव्ही काच. कोकणात किंवा मुंबईत बाहेरच्या भिंतीला टांगू नका, पावसाळ्यात भिंत घाम सोडते आणि मागून बुरशी धरते, पुढून काही दिसत नाही. वर्षातून एकदा दिवाळीच्या सफाईत काढून मागे बघायचं, कसर लागलीये का तेही.

मागे पेन्सिलनं कोणीतरी आकडे आणि अक्षरं लिहिलीत, खोडून टाकू?

नका खोडू! आधीच्या विक्रेत्याचा किंवा मालकाचा कोड असतो तो. माझ्याकडच्या एका फिस्सरच्या पाठीवर तीन वेगळ्या हातांचं पेन्सिल आहे, एक तर नुसतंच '४० गिल्डर' आणि त्यावर काट मारून '३५'. घासाघीस कोणीतरी माझ्याआधी करून ठेवलीये.